निमताना मोजणी

भुदरगड तालुक्यातल्या कुठल्याही गावात बांधाचं भांडण निघालं की सुरुवातीला सगळा कारभार तोंडाचा असतो. एक भाऊ म्हणतो, वाडवडिलांपासून बांध इथंच आहे. दुसरा म्हणतो, दर वर्षी नांगराचं एक तास माझ्या रानात शिरतंय. पंच बसतात, चहा होतो, आवाज चढतात. शेवटी कुणीतरी जाणता म्हणतो, "तोंडाचं पुरे झालं, मोजणी आणा." मग गारगोटीला भूमी अभिलेखच्या कार्यालयात अर्ज जातो, फी भरली जाते आणि ठरल्या तारखेला भूकरमापक येतो. पूर्वी त्याच्याकडे शंकू-साखळी असायची, आता उपग्रहाच्या मदतीने मोजणारा रोव्हर असतो. मोजून झालं की 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, मिळते आणि कोण किती गुंठे सरकलाय ते कागदावर उमटतं. ते पटलं नाही तर वरच्या अधिकाऱ्याकडून पुन्हा मोजून घेता येतं. या फेरमोजणीला निमताना मोजणी म्हणतात.

वंशभेद, जातिभेद, विषमता, सामाजिक न्याय या विषयांवर विद्यापीठांत संशोधन चालतं म्हटलं की आपल्याला जाडजूड ग्रंथ आणि जड शब्द आठवतात. प्रत्यक्षात ते काम या मोजणीहून फारसं वेगळं नाही. ज्याच्या ताब्यात जास्त आहे, त्याला बांध सरकलेला कधी दिसतच नाही. ज्याचं गेलंय त्याला दिसतो, पण त्याचं म्हणणं 'तोंडाचं' ठरतं. मोजल्याशिवाय वाद पुढं जात नाही. मात्र साखळी कुणाच्या हातात आहे आणि ती नेमकी कशाला लावली जाते, यावर सगळं अवलंबून असतं. याच विद्यापीठांनी आणि सरकारी खात्यांनी एके काळी भलतीच गोष्ट मोजून अन्यायावर शास्त्राचा शिक्का मारला होता. त्या मोजणीची निमताना ज्यांनी केली त्यांत मराठी माणसं ठळक होती. पुढं त्याच कामाची एक वाट थेट गारगोटीतून दिल्लीला गेली.

नाकाची रुंदी आणि कवटीची बाजू

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हर्बर्ट रिस्ली या ब्रिटिश अधिकाऱ्याने हिंदुस्थानातल्या लोकांची नाकं मोजायला घेतली. हिशेब साधा होता. नाकाच्या रुंदीला उंचीने भागायचं आणि शंभराने गुणायचं. येणाऱ्या आकड्याला नासिका निर्देशांक म्हणत. नाक जितकं अरुंद तितकी जात वरची, असा रिस्लीचा दावा होता. म्हणजे जातींची उतरंड ही मुळात वेगवेगळ्या वंशांची उतरंड आहे आणि ती शरीरातच लिहिलेली आहे. पुढं 1901च्या जनगणनेचा प्रमुख हाच रिस्ली होता. नाक मोजणाऱ्याच्या हाती देशाची शिरगणती आली, तेव्हा हा विचार कागदोपत्री किती खोल मुरला असेल याची कल्पना करता येते.

त्याच सुमाराला युरोपात कवट्या मोजल्या जात होत्या. बर्लिनमध्ये 1927 साली मानववंशशास्त्राची एक मोठी संस्था सुरू झाली. तिचा प्रमुख होता ऑयगेन फिशर. आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीत मिश्र रक्ताच्या लोकांचा अभ्यास करून त्याने वंशमिश्रणाविरुद्ध मत बनवलं होतं. हिटलर सत्तेवर आल्यावर हाच गृहस्थ बर्लिन विद्यापीठाचा कुलगुरू झाला. त्याच्या आधीच त्याच्या हाताखाली पीएचडी करायला पुण्याहून एक तरुणी गेली होती, ती म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे यांची सून इरावती. फिशरचा तर्क असा होता की गोऱ्या माणसाच्या कवटीची उजवी-डावी बाजू जशी असमान असते तशी इतर वंशांची नसते, आणि या फरकाचा संबंध बुद्धीशी आहे. इरावतीबाईंना हे सिद्ध करायचं काम मिळालं.

प्रयोगशाळेतलं ते दृश्य डोळ्यांसमोर आणण्यासारखं आहे. टेबलावर कवट्या मांडलेल्या. काही जर्मन माणसांच्या, काही पूर्व आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीतून जहाजाने आणलेल्या. त्या कुणाच्या होत्या, कशा मेलेल्या माणसांच्या होत्या, हे विचारायची पद्धत नव्हती. हातात कॅलिपर, म्हणजे दोन वाकड्या पायांचा मापक. एकेका कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूचं अंतर घ्यायचं, वहीत टिपायचं, पुढची कवटी उचलायची. अशा 149 कवट्या इरावतीबाईंनी मोजल्या आणि आकडे सांगतील तेच लिहिलं. कवटीचा असमानपणा आणि वंश यांचा काही संबंध दिसत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. ज्या परदेशी गुरूच्या हातात पदवी होती, त्याच्याच तर्काविरुद्ध त्याच्याच प्रयोगशाळेत एका हिंदू विद्यार्थिनीने दिलेला हा निकाल होता. ही खरी निमताना.

पण गोष्ट इतकी सरळ ठेवून चालणार नाही. भारतात परतल्यावर, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात काम करताना, इरावतीबाईंनी महाराष्ट्रातल्या कितीतरी जातिजमातींची शरीरमापं पुढं अनेक वर्षं घेतली. जुना कॅलिपर हातातून लगेच सुटला नाही. याच इरावतीबाईंनी आयुष्याच्या उत्तरार्धात जाई निंबकर यांच्याबरोबर कोयना धरणाने उठवलेल्या लोकांची पाहणी केली. तो अहवाल 1969 साली आला. कवटीच्या दोन बाजू मोजणारी बाई आता धरणग्रस्ताला जमीन किती मिळाली, गाव कुठं फुटलं, नातीगोती कशी विखुरली हे मोजत होती. संशोधनाने शरीराकडून परिस्थितीकडे केलेला प्रवास एका माणसाच्या आयुष्यात असा दिसतो.

रिस्लीच्या नाकमोजणीची निमतानाही आपल्याच बाजूला झाली. घाट उतरून गेलं की लागणाऱ्या मालवणात जन्मलेले गोविंद सदाशिव घुर्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवत. 1932च्या 'कास्ट अँड रेस इन इंडिया' या ग्रंथात त्यांनी रिस्लीचेच आकडे पुन्हा तपासले. उत्तरेचा काही भाग सोडला तर नाक आणि जात यांचा मेळ बसत नाही, महाराष्ट्रात तर मुळीच नाही, असं त्यांनी दाखवलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1948 साली 'द अनटचेबल्स'मध्ये घुर्यांची हीच आकडेवारी हातात घेतली आणि तिचा तर्क शेवटपर्यंत नेला: मापं खरी मानली तर एकाच प्रदेशातला ब्राह्मण आणि अस्पृश्य हे एकाच वंशाचे ठरतात, म्हणून अस्पृश्यतेचं मूळ वंशात शोधणं फोल आहे.

पंचविशीत न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकतानाच आंबेडकर या मुद्द्यापाशी आले होते. 9 मे 1916 रोजी अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी जातीवर निबंध वाचला. जात टिकते ती रक्ताच्या वेगळेपणाने नव्हे, तर जातीतल्या जातीत लग्न करण्याच्या सक्तीने, हा त्याचा गाभा. पुढं जनुकशास्त्राने वंशाच्या कल्पनेचाच पाया काढून घेतला. 1972 साली रिचर्ड लेवॉन्टिन यांनी दाखवलं की माणसामाणसांतल्या जनुकीय फरकांपैकी सुमारे 85 टक्के फरक एकाच लोकसमूहाच्या आत असतो. दोन 'वंशां'मध्ये म्हणून उरतो तो अगदी थोडा.

रक्त एक, विहिरी दोन

इथं एक घोटाळा नेहमी होतो. वंश ही शास्त्रीय गोष्ट नाही म्हटलं की काही जण लगेच म्हणतात, मग वंशभेदही नाही. हे म्हणजे सगळ्यांचं रक्त लाल आहे म्हणून गावात दोन विहिरी नव्हत्याच असं म्हणण्यासारखं आहे. रक्त एकच होतं, विहिरी दोन होत्या. अभ्यास करायचा तो विहिरींचा.

विहिरींची मोजणी कशी करायची याचा वस्तुपाठ अमेरिकेत एका कृष्णवर्णीय विद्वानाने घालून दिला. डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने फिलाडेल्फिया शहरातल्या काळ्या वस्तीचा अभ्यास करायला बोलावलं. शहरातल्या बड्या लोकांचं मत आधीच ठरलेलं होतं: शहराची दुखणी म्हणजे हे लोक. ड्युबॉइस त्या वस्तीतच राहायला गेले आणि घरोघरी हिंडून माहिती जमवली. घरात माणसं किती, काम काय, भाडं किती, शिक्षण किती, आजार कोणते. 1899 साली 'द फिलाडेल्फिया नीग्रो' प्रसिद्ध झालं, तेव्हा दोष माणसांच्या स्वभावात नसून बंद दारांत आहे हे कागदावर आलेलं होतं. चांगल्या कामावर घेत नाहीत, चांगल्या वस्तीत घर देत नाहीत, आणि पुन्हा विचारतात, हे असे का राहतात?

आंबेडकरांना या नात्याची जाण होती. 1946 साली त्यांनी ड्युबॉइस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या अर्जाविषयी त्यांना माहिती हवी होती, आणि अस्पृश्यांसाठीही तसंच काही करण्याचा विचार होता. ड्युबॉइस यांनी त्याच वर्षी जुलैत उत्तर पाठवलं. जात म्हणजे वंश नव्हे हे मापांनी दाखवणारा माणूस वंशभेद सोसणाऱ्यांशी मात्र बरोबरीने बोलत होता, यात विरोधाभास नाही. कारण वेगळं असलं तरी बांध सरकवण्याची रीत दोन्हीकडे सारखी आहे. 2001च्या ऑगस्ट-सप्टेंबरात दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनला वंशभेदविरोधी जागतिक परिषद झाली, तेव्हा हाच वाद पुन्हा पेटला. भारत सरकारचं म्हणणं, जात म्हणजे वंश नव्हे, तिची चर्चा इथं नको. दलित संघटनांचं म्हणणं, नाव काहीही द्या, जन्मावरून माणसाला खाली ढकलणं दोन्हीकडे आहेच. आता अमेरिकेतल्या मराठी घरांपर्यंत हा प्रश्न पोहोचलाय. फेब्रुवारी 2023 मध्ये सिएटल शहराने जातीवरून भेदभाव करायला कायद्याने बंदी घातली. अमेरिकेतलं असं ते पहिलं शहर.

तिमाही तक्ता

भेदभावाला असा हुकमाने आळा घालण्यात कोल्हापूरकरांना नवं वाटू नये. 1894 साली शाहू महाराजांच्या हाती कारभार आला, तेव्हा दरबारातल्या प्रशासनाच्या 71 जागांपैकी 60 जागांवर ब्राह्मण अधिकारी होते. 'लायक माणसं मिळत नाहीत' हे ठरलेलं उत्तर तेव्हाही होतं. 26 जुलै 1902 रोजी महाराजांनी जाहीरनामा काढला: मोकळ्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागास वर्गांतल्या लोकांना द्यायच्या. या हुकमाची आठवण दर वर्षी निघते. पण त्यातलं एक कलम सहसा कुणी सांगत नाही. प्रत्येक खातेप्रमुखाने यापुढं केलेल्या नेमणुकांचा तक्ता दर तिमाहीला पाठवायचा, असं त्यात होतं.

त्या कलमात राज्यकर्त्याची खरी नजर दिसते. हुकूम काढणं सोपं असतं. खाली तो कसा जिरवला जातो हे महाराजांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून नुसतं 'द्या' न म्हणता 'दिलं की नाही ते दर तीन महिन्यांनी मोजून दाखवा' असं त्यांनी सांगितलं. आज समान संधीवर काम करणारे जगभरातले अभ्यासक हेच मागतात: धोरण आहे ते ठीक, आकडे कुठं आहेत?

बहिरेवाडीचा विठ्ठल घोटगे

गारगोटीतून दिल्लीला गेलेल्या वाटेची गोष्ट इथून सुरू होते. आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीत 1907 साली विठ्ठल हरी घोटगे हा मुलगा जन्मला. स्वातंत्र्यलढ्याच्या धामधुमीत त्याने नाव बदललं आणि जग त्याला जयंत पांडुरंग, म्हणजे जे. पी. नाईक, या नावाने ओळखू लागलं. 1930च्या कायदेभंगात तुरुंगात जाऊन आल्यावर धारवाडकडच्या उप्पिन बेटगेरी या खेड्यात त्यांनी गावसुधारणेचं काम केलं. मग ते कोल्हापूर संस्थानच्या शिक्षण आणि विकासाच्या कामात आले. 1948 साली त्यांनी मुंबईत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन उभी केली, जी पुढं पुण्याला गेली. आणि गारगोटीत मौनी विद्यापीठाच्या उभारणीत ते मनापासून उतरले. त्यांच्या पत्नी चित्रा नाईक यांनीही इथं काम केलं.

नावाने विद्यापीठ असलं तरी ही संस्था कायद्याने विद्यापीठ नव्हती. पाटगावच्या मौनी महाराजांचं नाव तिला दिलेलं. बालवाडीपासून वरपर्यंतचं शिक्षण एकाच आवारात, आणि ते भोवतीच्या खेड्यांशी बांधलेलं, अशी ती कल्पना. 1956 साली केंद्र सरकारने ग्रामीण उच्च शिक्षणाची योजना काढून देशभर मोजक्या ठिकाणी ग्रामीण संस्था सुरू केल्या. त्या यादीत वेदगंगेकाठची गारगोटी होती. या संस्थांनी तीन कामं करायची होती: शिकवणं, संशोधन आणि गावात जाऊन विस्तारकार्य. ग्रामीण सेवेची पदविका घेणाऱ्या मुलाने गाव नुसतं पाहायचं नव्हतं, त्याची पाहणी करायची होती. शेजारीच स्थापत्य आणि ग्रामीण अभियांत्रिकीचं शिक्षण. आज जिल्हाभर 'आयसीआरई' म्हणून लोक ओळखतात ते. तिथली मुलं जमिनीची मोजणी शिकत. एका हातात साखळी आणि दुसऱ्या हातात गावपाहणीची वही, असं ते शिक्षण होतं.

ही योजना देशभर फार काळ टिकली नाही. ग्रामीण पदविकेला नोकरीच्या बाजारात पदवीइतकी किंमत नव्हती. खेड्यातल्या आईबापांनी स्वच्छ हिशेब केला: शहरातल्या मुलाला बीए आणि आमच्या मुलाला पदविका का? विषमता कमी करायला काढलेल्या योजनेत खेड्याला वेगळी, दुय्यम पाटी मिळाली, हे त्यांनी तज्ज्ञांच्या आधी ओळखलं. एकेक संस्था मग नेहमीच्या विद्यापीठांच्या पदव्यांकडे वळली. 1962 साली शिवाजी विद्यापीठ स्थापन झालं आणि या भागातली उच्च शिक्षणाची वाट तिकडून जाऊ लागली.

नाईक हा धडा विसरले नसावेत. 1964 ते 1966 या काळात शिक्षणासाठी नेमलेल्या कोठारी आयोगाचे ते सदस्य-सचिव होते. 1975च्या 'इक्वॅलिटी, क्वालिटी अँड क्वांटिटी' या पुस्तकात त्यांनी भारतीय शिक्षणाचा त्रिकोण मांडला: समता, गुणवत्ता आणि संख्या. एखाद्या तालुक्यात शाळेत येणारी मुलं चाळिसाची चारशे झाली की संख्या वाढते. शिक्षक आणि वर्ग तेवढेच राहिले तर गुणवत्ता घसरते. मग ज्यांना परवडतं ते आपली मुलं दुसरीकडे घालतात आणि समता संपते. तिन्ही कोन एकत्र धरल्याशिवाय त्रिकोण उभा राहत नाही, आणि आपण तर एक कोन ओढताना दुसरा सोडून देतो. मराठी शाळांच्या पटसंख्येवर आज गावोगाव जी चर्चा चालते ती ऐकली की हे पुस्तक जुनं वाटत नाही.

संशोधनाच्या दृष्टीने त्यांचं मोठं काम दिल्लीत झालं. 1969 साली भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष पुण्याच्या गोखले संस्थेतले धनंजयराव गाडगीळ आणि पहिले सदस्य-सचिव नाईक. सामाजिक शास्त्रांच्या संशोधनाचा पैसा कोणत्या प्रश्नावर खर्च व्हावा हे ठरवायच्या जागी बहिरेवाडीचा माणूस बसला होता. त्याने कोणते प्रश्न निवडले? अनुसूचित जातींतली मुलं शाळा-कॉलेजात आली खरी, पण पुढं त्यांचं काय होतं, याची पंधरा राज्यांतली पाहणी परिषदेच्या प्रकल्पातून झाली. मुंबईच्या सुमा चिटणीस यांनी ती 1981 साली पुस्तकरूपाने मांडली. नुसत्या प्रवेशाने भागत नाही, कोण कोणत्या संस्थेत आणि कोणत्या अभ्यासक्रमात पोहोचतो तिथं खरी पायरी लपलेली असते, हा मुद्दा अशा अभ्यासांनी पुढं आणला.

दुसरं उदाहरण बायकांचं. सरकारने 1971 साली स्त्रियांच्या स्थितीचा आढावा घ्यायला समिती नेमली. सदस्य-सचिव वीणा मजुमदार यांच्या पाठीशी नाईक आणि त्यांची परिषद उभी राहिली, अभ्यासकांकडून पाहण्या करून घेतल्या गेल्या. 1974च्या अखेरीस 'टुवर्ड्स इक्वॅलिटी' हा अहवाल तयार झाला. स्वातंत्र्यानंतर बायकांची सर्वत्र प्रगती झाली अशी सगळ्यांची समजूत होती. अहवालाने जनगणनेचे आकडे पुढं ठेवले: 1901 साली दर हजार पुरुषांमागे 972 स्त्रिया होत्या, 1971 साली 930. हे आकडे सरकारच्याच दप्तरात होते. ते एका ओळीत मांडून 'या 42 बायका कुठं गेल्या?' असं तोवर कुणी मोठ्याने विचारलं नव्हतं. त्याच सुमारास मुंबईच्या एसएनडीटी विद्यापीठात नीरा देसाई यांनी स्त्री-अभ्यासाचं केंद्र सुरू केलं आणि हा प्रश्न विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात आला.

30 ऑगस्ट 1981 रोजी नाईक गेले. युनेस्कोने जगातल्या शंभर शिक्षणचिंतकांवर लेखमाला काढली, तिच्यात गांधी आणि टागोरांबरोबर नाईकांवरही लेख आहे.

नावात काय असतं

आता मोजणीची हत्यारं बदलली आहेत. भेदभाव करणारा माणूस 'मी भेदभाव करतो' असं प्रश्नावलीत कधी लिहीत नाही. मग तो पकडायचा कसा? अभ्यासकांनी एक साधी युक्ती काढली. सगळं सारखं असलेले दोन अर्ज तयार करायचे, फक्त नाव बदलायचं.

अमेरिकेत मारियन बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लैनाथन यांनी बॉस्टन आणि शिकागोत नोकरीच्या जाहिरातींना असे जवळजवळ पाच हजार अर्ज पाठवले. 2004 साली निष्कर्ष छापून आला. गोऱ्या वाटणाऱ्या नावाला साधारण दहा अर्जांमागे एक बोलावणं आलं, कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावाला पंधरांमागे. शिक्षण तेच, अनुभव तोच.

आपल्याकडे असाच प्रयोग सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी केला. थोरात अमरावती जिल्ह्यातले, औरंगाबादला बाबासाहेबांनी सुरू केलेल्या मिलिंद महाविद्यालयात शिकलेले, पुढं विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झालेले. खासगी कंपन्यांच्या 548 जाहिरातींना 66 आठवड्यांत 4,808 अर्ज गेले. प्रत्येक वेळी चांगली शैक्षणिक पात्रता असलेले सारखेच उमेदवार, फक्त आडनाव कधी उच्चवर्णीय हिंदू, कधी दलित, कधी मुस्लिम. 2007 साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त निकाल आला. उच्चवर्णीय नावाला पुढच्या फेरीत बोलावलं जाण्याची शक्यता 100 धरली तर त्या मानाने दलित नावाची 67 आणि मुस्लिम नावाची 33 भरली. मुदाळ तिट्ट्यावर एसटीची वाट बघत उभी असलेली पदवीधर मुलं 'आडनाव बघतात रे' असं एकमेकांत बोलतात, ते आता नुसतं तोंडाचं राहिलेलं नाही.

तिसरा प्रयोग शाळेतला आहे आणि तो शिक्षकांनी विशेष लक्षात ठेवावा. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या 642 मुलांना कागदावरचे भुलभुलय्ये सोडवायला दिले. निम्मी मुलं वरच्या जातींची, निम्मी खालच्या म्हटल्या जाणाऱ्या जातींची. जात कुणी उच्चारली नाही तेव्हा दोन्हींची कामगिरी जवळपास सारखी होती. मग दुसऱ्या गटांत प्रत्येक मुलाचं नाव, गाव आणि जात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली. तेच भुलभुलय्ये, तीच वयं, पण खालच्या जातींची मुलं मागे पडली. वर्गात शिष्यवृत्तीचे फॉर्म भरताना 'अमुक जातीच्यांनी उभं राहा' म्हणायची सवय कुणाला असेल, तर तिची किंमत गणिताच्या पेपरात मोजावी लागते.

अर्धा कोयता

मोजणीतली सर्वांत मोठी चूक कधी कधी एककात असते. दिवाळी झाली की कोल्हापूर जिल्ह्याच्या ऊसपट्ट्यात बीड, अहिल्यानगर, जालन्याकडच्या तोडकऱ्यांच्या कोप्या पडतात. मुकादम उचल देतो ती माणसाला नव्हे, कोयत्याला. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा आला तर अर्धा कोयता. बाई पहाटे उठून फडावर जाते, ऊस तोडते, मोळ्या बांधते, ट्रॅक्टरमध्ये चढवते. पण हिशेबाच्या वहीत तिचं नावच नाही, ती कोयत्याची अर्धी बाजू आहे.

जे मोजलंच जात नाही त्याचं दुखणंही दिसत नाही. 2019 साली राज्य सरकारने विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्यासाठी बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. सहांत एक. राज्याच्या सर्वसाधारण प्रमाणाच्या कितीतरी पट. पाळीत खाडा पडला तर दंड, फडावर आडोसा नाही, आजार अंगावर काढायचा आणि शेवटी ऑपरेशन करून 'कटकट मिटवायची', असं हे चक्र. हे दुखणं बायकांनी एकमेकींना कित्येक वर्षं सांगितलं होतं. सरकारदरबारी ते पोहोचलं ते कोयत्यातून बाईला वेगळी काढून मोजली तेव्हा.

'क' प्रत हातात आल्यावर

मोजणीवर आक्षेपही आहेत आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. जात मोजली तर जात घट्ट होते असं म्हणणारे आहेत. रिस्लीचा इतिहास बघता त्यांची भीती अगदी निराधार नाही. पण जात न मोजल्याने ती सैल झाली असंही दिसत नाही. सर्व जातींची शेवटची पूर्ण गणना 1931 साली झाली. त्यानंतर नव्वद वर्षं देश अंदाजांवर भांडला. 2024च्या जानेवारीत राज्य मागासवर्ग आयोगाच्या पाहणीसाठी शिक्षक मोबाइल घेऊन घरोघरी आले होते, ते गारगोटीकरांना आठवत असेल. 30 एप्रिल 2025 रोजी केंद्र सरकारने पुढच्या जनगणनेत जातगणना करायचं ठरवलं. 1 मार्च 2027 ही तिची संदर्भ तारीख. तेव्हा प्रश्न मोजायचं की नाही हा उरलेला नाही. नाक मोजायचं की नेमणूक, आडनाव मोजायचं की आडनावामुळे बंद झालेलं दार, कोयता मोजायचा की कोयत्यातली बाई, हा प्रश्न आहे.

विद्यापीठांचं काम इथपर्यंत आहे. शिवाजी विद्यापीठातही सामाजिक वंचिततेच्या अभ्यासाचं केंद्र आहे. त्या प्रबंधांतून उद्या आणखी आकडे येतील. पण भुदरगडातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, मोजणी झाली म्हणजे जमीन मिळाली असं होत नाही. कितीतरी घरांत 'क' प्रत वीस वर्षं ट्रंकेत पडून आहे आणि बांध होता तिथंच आहे. शाहू महाराजांनी तिमाही तक्ता मागितला तो यासाठीच. कागद निघाल्यावर कुणीतरी पुन्हा पुन्हा जाऊन रानात बघायला हवं असतं. हद्दीचा दगड उपटून खऱ्या जागी रोवायचा तर ज्याचं गेलंय त्याच्याबरोबर ज्याच्याकडे आलंय त्यालाही पहारीला हात लावावा लागतो.